बुलिटची मस्टँग : एका नंबरच्या फरकाच्या दोन गाड्या आणि ४५ वर्षं एकाच घरात राहिलेली ५५९

२०१७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला लॉस काबोसच्या बाजूला, भंगारातून उचललेली एक जुनी फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छप्पर मागे उतरत जाणारी) डेंटिंग-पेंटिंगसाठी आली. जवळपास नुसता सांगाडाच होता, आणि घेणाऱ्याचा बेत होता की हिची एलेनॉर बनवायची, म्हणजे २००० सालच्या 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मधल्या त्या करड्या मस्टँगची नक्कल, कारण अशा नकलांना चांगली किंमत येते. काम सुरू करायच्या आधी चासी नंबर तपासला तेव्हा कळलं की ही गाडी कापायची नाही, हात लावायचा नाही, आधी फोन करायचा. नंबर १२५५५८ वर संपत होता. स्टीव्ह मॅक्वीन हिरो असलेल्या १९६८ च्या 'बुलिट' या सिनेमासाठी घेतलेल्या दोन हिरव्या मस्टँगपैकी ही एक, शूटिंगनंतर भंगारात गेली आणि कायमची संपली असं सगळे धरून चालले होते ती.

आणि तेव्हा दुसरी, १२५५५९, तिच्याबद्दल तर जगाला काहीच पत्ता नव्हता. ती टेनेसीत नॅशव्हिलजवळ एका कुटुंबाच्या ताब्यात होती, त्यांच्याशिवाय फार थोड्या लोकांना माहीत होतं. तीन वर्षांनी, १० जानेवारी २०२० ला, फ्लोरिडातल्या किसिमीला मेकम या कंपनीच्या लिलावात तिच्यावर हातोडा पडला ३४ लाख डॉलरला, वर १० टक्के फी धरून ३७ लाख ४० हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण साडेसव्वीस कोटी रुपये. रंग उडालेली, ठिकठिकाणी गंज, दरवाजे-मडगार्डवर चेपा, सीट विटलेली. अशा अवस्थेत विकली आणि लिलावात विकलेली तोपर्यंतची सगळ्यात महाग मस्टँग ठरली.

मला हे प्रकरण नीट मांडावंसं वाटतं कारण याच्याबद्दल बोलताना लोक 'मॅक्वीनची गाडी आहे ना, जाणारच एवढ्याला' एवढं म्हणून विषय संपवतात. ते पुरेसं नाही. मॅक्वीनने चालवलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. ही गाडी एवढ्याला गेली त्याचं खरं कारण आहे ४५ वर्षांत तिच्याबाबतीत काय काय केलं नाही ते.

आधी सिनेमाचं. 'बुलिट' पीटर येट्सने दिग्दर्शित केलेला, निर्मिती मॅक्वीनच्याच सोलर प्रॉडक्शन्सची आणि वॉर्नरची, ऑक्टोबर १९६८ मध्ये रिलीज झाला. सॅन फ्रान्सिस्कोतला पोलीस लेफ्टनंट फ्रँक बुलिट, त्याच्या मागे लागलेले दोन खुनी काळ्या डॉज चार्जरमध्ये, आणि मग जवळपास ११ मिनिटांचा पाठलाग. लालो शिफ्रिनचं संगीत पाठलाग सुरू होईपर्यंत हळूहळू चढत जातं आणि गाड्या सुटल्या की बंद होतं, मग नुसता इंजिनांचा आवाज, टायर घासल्याचा आवाज, गिअर बदलताना इंजिनचा चढउतार. तेव्हा गाड्यांचे पाठलाग बऱ्याचदा स्टुडिओत गाडी उभी करून मागे पडद्यावर रस्ता पळवून घेतले जायचे, इथे खऱ्या रस्त्यांवर खऱ्या वेगात घेतलं, ताशी ११० मैल म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे गाड्या गेल्या होत्या. एडिटर फ्रँक केलरला याच सिनेमासाठी ऑस्कर मिळालं आणि मला वाटतं ते मुख्यतः या ११ मिनिटांचंच आहे. शहराचा नकाशा घेऊन बसलात तर हा पाठलाग शक्यच नाही, पोट्रेरो हिलवरून एका वळणावर एकदम रशियन हिल, तिथून मरीना, आणि शेवटी शहराच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो डोंगरावरचा ग्वादलुपे कॅन्यन पार्कवे, आणि मध्ये तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा ओव्हरटेक होते. पण बघताना कुणाला काही खटकत नाही, मलाही नाही.

गाड्यांचं असं होतं की दोन मस्टँग जीटी ३९० घेतल्या आणि दोन चार्जर आर/टी ४४०. मस्टँगला ३९० क्यूबिक इंचाचं म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८, ३२५ हॉर्सपॉवर, चार गिअर मॅन्युअल, रंग हायलँड ग्रीन. चार्जरला ७.२ लिटर आणि ३७५ हॉर्सपॉवर. म्हणजे सरळ रस्त्यावर चार्जरच पुढे, आणि ती चालवणारा बिल हिकमन हा स्टंट ड्रायव्हर इतका पक्का होता की मस्टँग मागे पडू नये म्हणून त्यालाच पाय सैल करावा लागायचा असं सांगतात. मस्टँगमध्ये जवळच्या शॉट्सना स्वतः मॅक्वीन, आणि जास्त धोक्याचं काम बड एकिन्स या स्टंटमनकडे.

सॅन फ्रान्सिस्कोचे चढ ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत असेल, तिथे उतार सलग नाहीये, प्रत्येक आडव्या रस्त्याशी रस्ता सपाट होतो आणि मग पुन्हा खाली पडतो. वेगात आलेली गाडी त्या सपाट भागाच्या कडेला हवेत जाते आणि पुढच्या उतारावर आपटते, दोन वेळा, तीन वेळा, चार वेळा. शोरूममधून आणलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या उडीत बसली असती. म्हणून मॅक्स बालचाउस्की या रेसिंगवाल्या मेकॅनिकने दोन्ही मस्टँगचं सस्पेन्शन बदललं, कडक स्प्रिंग, कोनीचे शॉक अॅब्झॉर्बर, शॉक टॉवरला (शॉक अॅब्झॉर्बरचं वरचं टोक बॉडीत जिथे बसतं तिथे) जादा पत्रा आणि आधार. दिसायलाही बदलल्या, ग्रिलमधला पळता घोडा काढला, बॅजेस काढले, ग्रिल काळी केली, अमेरिकन रेसिंगची टॉर्क थ्रस्ट चाकं बसवली. आज जगभर लोक मस्टँगचे बॅज काढून हिरवी करतात ते इथून आलंय.

कामाची वाटणी पण साधारण ठरलेली होती. ५५८ ने उड्या मारायच्या आणि ५५९ ने जवळच्या शॉट्ससाठी, मॅक्वीन चेहऱ्यासकट दिसेल अशा शॉट्ससाठी राहायचं, म्हणजे ज्याला हिरो कार म्हणतात ती. शूटिंग संपेपर्यंत ५५८ खिळखिळी झाली, ती भंगारात काढली. ५५९ चालण्यासारखी होती, ती विकली गेली.

आता तो नंबर. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे त्यामुळे जरा थांबतो इथे. पूर्ण नंबर असा : ८ आर ०२ एस १२५५५९. पहिला ८ म्हणजे १९६८ चं मॉडेल. आर म्हणजे सॅन होजे कारखाना. ०२ म्हणजे फास्टबॅक बॉडी. एस म्हणजे ३९० जीटी इंजिन. आणि उरलेले सहा आकडे म्हणजे त्या कारखान्यातला क्रमांक. म्हणजे नुसत्या नंबरवरून कळतं की ही गाडी सहा सिलिंडरची होती आणि कुणीतरी नंतर व्ही-८ टाकलं असं नाही, किंवा साध्या हार्डटॉपला फास्टबॅकचं छप्पर लावलंय असंही नाही, आणि जुन्या मस्टँगच्या बाजारात हे दोन्ही धंदे चालतात. हा सॅन होजे कारखाना प्रत्यक्षात मिल्पिटसला होता, बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींना ही जागा आज ग्रेट मॉल म्हणून माहीत असते, तिथल्या पार्किंगमध्ये शनिवारी जागा शोधणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की बुलिटच्या दोन्ही मस्टँग तिथेच, लाइनवर एकामागोमाग एक नंबर घेऊन बनल्या.

आणि नंबरच्या मागे कागद आहे. फोर्डची त्या काळातली उत्पादनाची नोंद केव्हिन मार्टी या अॅरिझोनातल्या माणसाकडे फोर्डच्या परवानगीने आहे, नंबर दिला की गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनसह बनली ते तो सांगतो, अमेरिकेत मार्टी रिपोर्टशिवाय जुनी फोर्ड गंभीरपणे कुणी घेत नाही. मेक्सिकोतली ५५८ त्यानेच तिथे जाऊन तपासली, शॉक टॉवरचा जादा पत्रा सापडला, डिकीत जादा वायर न्यायला पाडलेली भोकं सापडली. म्हणजे नंबर एक साक्ष देतो आणि पत्रा दुसरी, दोन्ही जुळल्या तरच गाडी खरी.

आता ५५९ चं पुढे काय झालं. शूटिंगनंतर ती वॉर्नरच्याच एका कर्मचाऱ्याने घेतली. १९७० मध्ये न्यू जर्सीच्या एका पोलीस डिटेक्टिव्हने घेतली आणि गाडी देशाच्या या टोकावरून त्या टोकाला गेली. १९७४ मध्ये त्याने 'रोड अँड ट्रॅक' मासिकात छोटी जाहिरात दिली की बुलिटमध्ये मॅक्वीनने चालवलेली मस्टँग, कागदपत्रं आहेत. ती वाचून रॉबर्ट किअर्नन नावाचा इन्शुरन्स कंपनीतला माणूस पोचला आणि घेऊन आला, किंमत ६००० डॉलर सांगितली जाते. आणि मग त्या गाडीचं काय केलं? तर वापरली. तीच घरची गाडी होती. बायको शाळेत शिकवायची, ती रोज हीच घेऊन शाळेत जायची. म्हणजे ज्या गाडीवर सिनेमाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला पाठलाग झाला ती गाडी न्यू जर्सीत शाळेबाहेर बाकी शिक्षकांच्या गाड्यांच्या रांगेत उभी राहायची.

१९७७ च्या डिसेंबरमध्ये स्वतः मॅक्वीनचं पत्र आलं. टाइप केलेलं, छोटंसं. आशय असा की माझी ६८ ची मस्टँग परत मिळावी अशी विनंती करतोय, ती घरातच राहावी आणि सिनेमात होती तशीच ठेवावी असं वाटतं, तुम्हाला अशीच दुसरी मस्टँग शोधून द्यायला तयार आहे, फार पैशांचा प्रश्न नसेल तर, नाहीतर आपण विसरून जाऊ. किअर्ननने विकली नाही.

लोक या निर्णयाकडे हट्ट म्हणून बघतात, किंवा मोठ्या माणसाला नाही म्हणण्याची मजा म्हणून. मला तसं वाटत नाही. एक तर घरात ती रोजची गाडी होती, आणि पत्रात पैसे कमी आणि बदल्यात दुसरी गाडी असा प्रस्ताव होता. दुसरं म्हणजे रॉबर्ट किअर्ननने ती गाडी मॅक्वीनसाठी नाही तर गाडीसाठी घेतलेली दिसते, कारण त्याने ती कधी दाखवायला नेली नाही, मासिकवाल्यांना बोलावलं नाही. आणि बघा, त्या पत्रामुळे काय झालं ते. गाडी मिळवायला लिहिलेलं पत्र त्याच गाडीचा सगळ्यात पक्का पुरावा बनलं, कारण सिनेमाच्या हिरोने स्वतःच्या सहीने या मालकाला लिहिलंय की तुझ्याकडची गाडी माझी आहे. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं, आणि गाडीइतकंच जपलं हे महत्त्वाचं. मॅक्वीन ७ नोव्हेंबर १९८० ला गेला, फक्त ५० वर्षांचा होता. तो सगळा सिनेमा त्याच्या डोळ्यांवर आणि हातांवर चाललाय आणि शेवटी ती गाडी त्याला मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं, पण मिळाली असती तर ती बहुतेक त्याच्या बाकीच्या गाड्या-बाइक्सबरोबर लिलावात निघाली असती आणि पुढच्या कुणीतरी ती चकचकीत करून टाकली असती.

१९८० मध्येच क्लच गेला. तोपर्यंत मीटरवर साधारण ६५ हजार मैल, म्हणजे लाखभर किलोमीटर झाले होते. गाडी उभी केली ती उभीच राहिली, कुटुंब गावं बदलत गेलं तशी ती बरोबर गेली, शेवटी टेनेसी. २००१ मध्ये फोर्डने बुलिट नावाची खास मस्टँग काढली आणि सगळीकडे पुन्हा चर्चा सुरू झाली की खरी गाडी कुठेय, तेव्हा रॉबर्ट आणि मुलगा शॉन यांनी मिळून काम करायचं ठरवलं, भाग सुटे करायला घेतले, आणि मग वडिलांना पार्किन्सन्स झाला. काम थांबलं. २०१४ मध्ये रॉबर्ट किअर्नन वारले.

इथे शॉनच्या हातात जो निर्णय होता तो या प्रकरणाचा कणा आहे असं मी म्हणेन. वडील गेलेत, गाडी अर्धवट सुटी पडलीये, तिची किंमत काय असू शकते याचा अंदाज आहे. सरळ मार्ग म्हणजे चांगल्या रिस्टोरेशनवाल्याकडे द्यायची, पत्रा सोलून नवा रंग, नवी सीट, नवं क्रोम, आणि दोन वर्षांनी कॉन्कूरला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेला, उभी करायची. अमेरिकेतल्या कितीतरी मसल कारचं असंच झालं आणि १९९० च्या आसपास तर तेच योग्य समजलं जायचं. शॉनने इंजिन, ब्रेक, चालण्यासाठी जे लागतं तेवढं केलं आणि बाहेरच्या पत्र्याला हात लावला नाही. चेपा तशाच, गंज तसाच, कॅमेरा बसवायला सिनेमावाल्यांनी केलेल्या वेल्डिंगच्या खुणा तशाच, टोनी नॅन्सी या चामड्याच्या कारागिराने चामडं चढवलेलं स्टिअरिंग तसंच.

रंग काढला असता तर काय गेलं असतं हे जरा नीट सांगतो. बॉडीचं काम करताना पत्रा उघडा करतात, भोकं भरतात, जास्तीचे तुकडे घासून काढतात, कुजलेला भाग कापून नवा लावतात. म्हणजे नेमक्या त्याच जागा जातात जिथे १९६८ मध्ये कुणीतरी घाईघाईत ड्रिल चालवलं होतं. गाडी सुंदर दिसली असती पण मग तिच्याकडे फक्त चासी नंबर आणि कागद उरले असते, आणि चासी नंबरचा पत्रा दुसऱ्या सांगाड्यावरही बसवता येते. पत्र्यावरची ती ओबडधोबड वेल्डिंग मात्र पन्नास वर्षांच्या गंजासकट कुणाला नव्याने बनवता येत नाही.

मग २०१६ मध्ये मार्टीकडून तपासणी, फोर्डशी गुपचूप बोलणं, आणि मध्येच २०१७ मध्ये मेक्सिकोची ५५८ बाहेर आली. मला वाटतं त्या बातमीने ५५९ ची किंमत कमी नाही झाली, उलट वाढली. तोपर्यंत दोन गाड्यांची गोष्ट ही ऐकीव होती, आता एका गाडीचे बदल कागदावर नोंदले गेले, म्हणजे दुसरी समोर आली की ताडून बघायला काहीतरी होतं. १४ जानेवारी २०१८ ला डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये फोर्डने २०१९ ची नवी बुलिट मस्टँग आणली आणि तिच्याबरोबर जुनी ५५९ स्टेजवर आली, मॅक्वीनची नात मॉली हजर होती. हिस्टॉरिक व्हेईकल असोसिएशनने तिची राष्ट्रीय नोंदवहीत २१ वी गाडी म्हणून नोंद केली, म्हणजे तिची मोजमापं आणि फोटो कायमचे सरकारी दप्तरात. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवली, उन्हाळ्यात इंग्लंडला गुडवूडच्या मोटार महोत्सवात टेकडीवर पळवली. तिच्या त्याच उडालेल्या रंगात, हे सगळं.

विकायच्या आधीची ही दोन वर्षं फार महत्त्वाची होती. २०१६ मध्ये थेट लिलावाला लावली असती तर अर्धे लोक संशयात राहिले असते, बोली लावणारा माणूस पाच मिनिटांत निर्णय घेतो, तिथे शंका म्हणजे लाखो डॉलर कमी. दोन वर्षं जगाने गाडी जवळून पाहिली, तज्ज्ञांनी खाली झोपून पाहिली, कुणालाही बोट ठेवायला जागा सापडली नाही. त्यामुळे किसिमीला शॉनने ती किमान किंमत न ठेवता लावली. असं करणं म्हणजे खूप मोठी जोखीम वाटते, पण ज्याच्याकडे पुराव्यात एकही भोक नाही त्याला ते परवडतं, आणि किमान किंमत नाही म्हटलं की बोली लावणाऱ्याला कळतं की आज ही गाडी जाणारच.

तुलनेसाठी दोन आकडे. २००० च्या 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मधली एलेनॉर हिरो कार २०१३ मध्ये मेकमलाच १० लाख डॉलरला गेली, आणि ती चकचकीत होती, पण सिनेमासाठी तशा बऱ्याच बनवल्या होत्या आणि नकला तर अगणित. आणि २०१९ मध्ये त्याच किसिमीला १९६७ ची शेल्बी सुपर स्नेक, म्हणजे शेल्बीने ताकद वाढवलेली मस्टँग, २२ लाखांना गेली, ती तशी एकच बनली होती, मस्टँगचा तोपर्यंतचा विक्रम तोच. म्हणजे एकच असणं पुरत नाही आणि प्रसिद्ध असणंही पुरत नाही.

हा विक्रम फार टिकला नाही, जुलै २०२० मध्ये केन माइल्स या रेसिंग ड्रायव्हरने चालवलेली शेल्बी जीटी ३५० आर ३८ लाख ५० हजारांना गेली. रेसिंगचा इतिहास असलेली गाडी वर गेली याचं मला काही वाटत नाही, त्या गाडीचीही किंमत तिच्या कागदांमुळे आणि तिच्या पत्र्यामुळेच आहे. ५५९ चा नवा मालक कोण हे जाहीर केलेलं नाही. त्याने ती चालवावी, रोज नाही पण चालवावी, आणि क्लच पुन्हा गेला तर फक्त क्लच बदलावा.